आठवे व्रत आणि एक भाला

संवत्सरी झाली की क्षमापनेची पत्रे टाकण्याची पद्धत आमच्या घरी वडिलांच्या काळापासून होती. पोस्टकार्डांचा गठ्ठा आधीच आणून ठेवलेला असे. वडील एकेक नाव सांगत आणि मी लिहीत असे. व्याही, मामाकडची माणसे, मालेगाव-चाळीसगावचे आडते, जळगावच्या दाणा बाजारातील पेढ्या, मारवाडातल्या मूळ गावचे भाऊबंद. आता ते काम मोबाइलवर होते. एक चित्र, त्याखाली ‘मिच्छामि दुक्कडम्’, आणि एका क्षणात तीनशे जणांकडे क्षमा मागून होते. साधन बदलले, पण यादी तीच राहिली. ज्यांच्याशी आपले कधी वाकडे आले नाही, अशांचीच ती यादी आहे. ज्याच्याकडे खरोखर क्षमा मागायला हवी होती असे एक नाव माझ्या यादीत वीस वर्षे नव्हते. त्याचीच ही हकिकत आहे.

२००४ साली अधिक श्रावण होता, म्हणून पर्युषण सप्टेंबरच्या मध्यावर आले होते. आमचे धान्याचे दुकान धुळ्यात, आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत. पर्युषणाचा पाचवा की सहावा दिवस असावा. दुपारी गिऱ्हाईक नव्हते. मी गादीवर बसून रोजमेळ पाहत होतो आणि धाकटा भाऊ गल्ल्यापाशी होता. तेवढ्यात आमच्याकडे पोती वाहणाऱ्या एका हमालाचा मुलगा दुकानाच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहिला. वीसएक वर्षांचा, सडपातळ, उन्हाने रापलेला. हातात त्याच्या उंचीपेक्षा कितीतरी लांब असा भाला होता. गरुड मैदानावरून तो थेट इकडे आला होता. भाला कॉलेजचा होता आणि संध्याकाळी परत करायचा होता.

बोलणे थोडक्यात होते. जळगावला विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत्या. तिथे पहिल्या दोघांत आला तर पुढे विद्यापीठाच्या संघातून बाहेर खेळायला मिळणार होते. त्याचा भाला पंचावन्न मीटरच्या आसपास पडत होता. खिळ्यांचे बूट नव्हते. बूट, जाण्यायेण्याचे भाडे आणि दोन दिवसांचे जेवण असा सगळा हिशेब त्याने वहीच्या पानावर लिहून आणला होता. एकूण १,८५० रुपये. उसने मागत होता. वडिलांच्या हमालीतून महिन्याला कापून घ्या, म्हणत होता.

भावाने काही न बोलता गल्ला उघडला. मी त्याला हाताने थांबवले आणि त्या मुलाला म्हणालो, “हे शस्त्र आहे. आमच्या धर्मात शस्त्रासाठी पैसा देता येत नाही. आणि आज तर पर्युषण आहे.”

मुलाने एकदा भाल्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. “बरं शेठजी,” म्हणाला आणि गेला. उंबरठ्यावरून वळताना भाल्याचे टोक कुणाला लागू नये म्हणून त्याने ते आभाळाकडे उभे धरले होते. ते दृश्य मला अजून दिसते.

वाचकांना वाटेल की मी धर्माला धरूनच बोललो. श्रावकाच्या बारा व्रतांतील आठवे व्रत अनर्थदंड विरमणाचे. निष्कारण घडणाऱ्या पापापासून दूर राहण्याचे हे व्रत आहे, आणि त्याच्या प्रकारांत हिंस्रप्रदान, म्हणजे हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे, हाही एक प्रकार सांगितला आहे. त्याच सकाळी स्थानकात मी तो विषय ऐकला होता. तो ताजा होता आणि हाताशी होता. खरे कारण मात्र वेगळे होते. हमालाच्या पोराला एकदा दिले की आवारातले सगळे मागायला येतील, ही भीती होती. खेळण्यासाठी कर्ज काढणे हा मला उडाणटप्पूपणा वाटत होता. हिशेबी मनाने ‘नाही’ म्हटले आणि त्याच्यावर धर्माची मोहोर उठवली. त्याच संध्याकाळी स्थानकात बोली बोलताना मी एकवीस हजारांवर थांबलो आणि लोकांनी वाहवा केली. ती रक्कम दिल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण एकाच दिवसाच्या रोजमेळात या दोन गोष्टी शेजारी लिहिल्या असत्या, तर त्या वाचणाऱ्याला माझ्याविषयी काय वाटले असते?

त्यानंतर वीस वर्षे मी ही गोष्ट विसरून गेलो. आठवण करून दिली ती नातवाने.

२०२४ च्या जूनमध्ये मुलीकडे जळगावला गेलो होतो. तेराएक वर्षांचा नातू मला ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट पाहायला घेऊन गेला. मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावरचा तो चित्रपट. पेटकर सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. सैन्यात गेले, तिथे मुष्टियोद्धा म्हणून नाव मिळवले. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी शरीराची चाळण झाली आणि कमरेखालचे अंग गेले. उपचारांचा भाग म्हणून पोहायला लागले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिम्पिकमध्ये, त्यांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक दोन्ही धरून भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. अभिनव बिंद्राचे सुवर्ण त्यानंतर ३६ वर्षांनी आले.

बाहेर पडताना नातवाने विचारले, “नाना, त्यांच्या जर्मनीच्या तिकिटाचे पैसे कोणी भरले?”

व्यापाऱ्याच्या घरचा मुलगा, प्रश्न तसाच विचारणार! मला उत्तर ठाऊक नव्हते. घरी आल्यावर त्याने आणि मी मिळून शोधले. भारताचे माजी कसोटी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी दिव्यांगांसाठी जे कार्य चालवले होते, त्यातून पेटकरांच्या परदेशी स्पर्धांना मदत झाली. मर्चंट हे नाव आमच्या पिढीला क्रिकेटमुळे ठाऊक. पण ते मुंबईच्या कापडगिरणी मालकांच्या घराण्यातले, म्हणजे व्यापारी माणूस. पोहणाऱ्याने पोहण्याचे काम केले, आणि त्याला तलावापर्यंत पोहोचवण्याचे काम दुसऱ्या कुणीतरी केले. चार पाने वाचली तेव्हा असेच दुसरे उदाहरण हाती लागले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकणारे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते.

वाचताना आणखी एक तपशील दिसला आणि मी तिथेच थांबलो. हायडेलबर्गला पेटकर केवळ पोहले नव्हते. ते भालाफेकीतही उतरले होते आणि अंतिम फेरीपर्यंत गेले होते. शिवाय ‘अचूक भालाफेक’ नावाचा एक प्रकार त्या काळी दिव्यांगांच्या स्पर्धांत असे. जमिनीवर वर्तुळे आखलेली असत. भाला किती लांब गेला हे तिथे मोजत नसत. केंद्राच्या किती जवळ पडला त्यावर गुण मिळत. त्यातही पेटकर अंतिम फेरीत होते. शत्रूच्या गोळीने ज्याचे पाय नेले, तो माणूस चाकांच्या खुर्चीत बसून हातात भाला घेतो आणि जमिनीवरच्या वर्तुळात टाकतो. ज्याला मी शस्त्र म्हटले होते ते या माणसाच्या हातात काय होते?

मग मी भालाफेकीविषयी मिळेल ते वाचत गेलो. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा आणि सुमारे अडीच ते पावणेतीन मीटर लांबीचा. फेकणाऱ्याने धावत येऊन आखलेल्या रेषेच्या आतच थांबायचे. पाय रेषेला लागला तरी फेक बाद, मग भाला कितीही दूर गेलेला असो. भाला ठरलेल्या कोनातच पडला पाहिजे आणि त्याचे पाते आधी जमिनीला लागले पाहिजे. १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होन याने १०४.८० मीटर भाला फेकला. तेव्हा जाणत्यांच्या ध्यानात आले की आता भाला मैदान ओलांडून पलीकडच्या माणसांना इजा करू शकेल. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवण्यात आला. तो लवकर खाली वळावा, नीट टोचून पडावा आणि फार दूर जाऊ नये, अशी मुद्दाम योजना केली. खेळाने आपला सर्वांत मोठा विक्रम सोडून दिला, पण कुणाला लागू दिले नाही. हिंसेच्या साधनाविषयी इतका विचार तर मीही त्या दुपारी केला नव्हता!

आणि मग एक नाव आले, ज्याने मला २००४ च्या त्या दुपारी परत नेऊन बसवले.

देवेंद्र झाझडिया, राजस्थानच्या चुरू जिल्ह्यातला. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज राजस्थान सोडून खानदेशात आले. तिकडच्या ढाण्या आणि तिकडचे कोरडे शिवार आपल्याला ऐकून तरी ठाऊक आहे. आठ वर्षांचा असताना झाडावर चढलेल्या देवेंद्रचा हात विजेच्या तारेला लागला आणि डावा हात कापावा लागला. पुढे त्याने उजव्या हातात भाला घेतला. शाळकरी वयात आर. डी. सिंह या प्रशिक्षकांनी त्याला पाहिले आणि शिकवले. अथेन्सच्या पॅरालिम्पिकमध्ये ६२.१५ मीटरचा जागतिक विक्रम करून त्याने सुवर्णपदक मिळवले. पेटकरांनंतर ३२ वर्षांनी भारताला पॅरालिम्पिकचे सुवर्ण मिळाले ते असे. मधल्या काळात, १९८४ च्या पॅरालिम्पिकमध्ये, भीमराव केसरकर यांनी भालाफेकीचे रौप्य आणि जोगिंदरसिंग बेदी यांनी भालाफेकीच्या कांस्यासह तीन पदके मिळवली होती. पण सुवर्णासाठी देवेंद्रचीच वाट पाहावी लागली.

अथेन्सच्या त्या स्पर्धा १७ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झाल्या. आपले पर्युषण त्याच दिवसांत संपत होते. मी आमच्या दुकानात भाल्याला शस्त्र म्हणून परत पाठवत होतो, त्याच आठवड्यात एक हात नसलेला मुलगा तोच भाला घेऊन समुद्रापार उभा होता. माझ्या नकाराने त्याचे काही अडले नाही, कारण त्याला नाही म्हणणारा मी नव्हतो. ज्याला मी नाही म्हटले, त्याचे काय झाले हे मी कधी विचारलेही नव्हते.

देवेंद्रची पुढची कहाणी व्यापाऱ्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. अथेन्सनंतर २००८ आणि २०१२ या दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये त्याच्या गटाची भालाफेक ठेवलीच गेली नाही. ऐन उमेदीची बारा वर्षे गेली. माल तयार आहे आणि बाजारच बंद, अशी ही स्थिती. आपण एवढ्यात धंदा बदलला असता. त्याने सराव चालू ठेवला. २०१३ साली फ्रान्समधील लिऑन येथे तो जागतिक विजेता झाला. २०१६ साली रिओमध्ये, पस्तीस वर्षांचा असताना, त्याने ६३.९७ मीटर भाला फेकून स्वतःचाच जागतिक विक्रम मोडला आणि दुसरे सुवर्ण मिळवले. दोन वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्णे मिळवणारा तो पहिला भारतीय. त्यानंतर २०२० मध्ये त्याचे वडील गेले. २०२१ च्या टोकियो स्पर्धेत, चाळिशीत, त्याने त्याहून लांब, ६४.३५ मीटर भाला फेकला. त्या दिवशी श्रीलंकेचा दिनेश प्रियंथा ६७.७९ मीटर फेकून गेला, म्हणून त्याला रौप्य मिळाले. त्याच महिन्यात टोकियोतच नीरज चोप्राने ८७.५८ मीटरचे सुवर्ण आणले होते आणि भाला घराघरांत पोहोचला होता. नीरजचा कोपर २०१९ साली दुखावला तेव्हा त्याची शस्त्रक्रिया आपल्या मुंबईतच झाली, आणि पुण्याच्या लष्करी क्रीडा संस्थेतील मैदानाला आज त्याचे नाव आहे. पण माझ्या मनातून देवेंद्रची बारा वर्षे जात नाहीत. त्या बारा वर्षांत कुणीतरी त्याचे बूट, त्याचा आहार, त्याचा प्रवास सांभाळला असेलच ना?

२०२४ चे पर्युषण १ सप्टेंबरला सुरू झाले. पॅरिसचे पॅरालिम्पिक तेव्हा चालू होते. २ तारखेला सुमित अंतिलने ७०.५९ मीटर भाला फेकून दुसरे सुवर्ण घेतले. ४ तारखेला सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारी याने गोळाफेकीत १६.३२ मीटरचे रौप्य मिळवले. पेटकरांचा जिल्हा तोच. ७ तारखेला उंचीने लहान असलेल्या नवदीपसिंगला भालाफेकीचे सुवर्ण मिळाले. नातू जळगावहून फोन करून मला रोज बातमी देत होता आणि मी स्थानकात बसून आलोचना ऐकत होतो.

त्या वर्षी महासतीजींनी आठ कर्मांचा विषय घेतला होता. आठवे कर्म अंतराय. दुसऱ्याच्या दानात, लाभात, भोगात, उपभोगात, वीर्यात म्हणजे सामर्थ्यात विघ्न आणणारा हे कर्म बांधतो. पाचही प्रकार मला लहानपणापासून पाठ आहेत. पण त्या दिवशी ते मला माझ्याच दुकानात घडलेले दिसले. भावाचा हात गल्ल्यात गेला होता. तो मी थांबवला. तो दानांतराय. त्या मुलाच्या खांद्यात जे बळ होते त्याच्या वाटेत मी उभा राहिलो. तो वीर्यांतराय. आठव्या व्रताचा आधार घेऊन मी आठवे कर्म बांधले होते.

भावाकडे क्षमा मागता आली नाही. तो २०२१ च्या एप्रिलमध्ये, त्या मोठ्या साथीत, गेला. त्याने मला त्या दुपारविषयी एकदाही काही म्हटले नव्हते.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, ९ सप्टेंबरला, मी सकाळी बाजार समितीच्या आवारात गेलो. चौकशी करणे कठीण नव्हते. तो मुलगा तिथेच मापाडी होता आणि मी त्या आवारात आठवड्यातून तीनदा जात होतो. वीस वर्षे मी त्याला काट्यापाशी पाहिले होते आणि ओळखले नव्हते. आता तो चाळिशीचा, कानशिलावर पांढरे केस असलेला गृहस्थ होता. पूर्वी मी त्याला अरे-तुरे करत असे. त्या दिवशी तोंडून ‘तुम्ही’ आले. मी हात जोडले, झाले ते सांगितले आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. तो गोंधळला. पोत्यावर बसायला जागा करून दिली आणि अहिराणीत म्हणाला, “त्या गोष्टले आते वीस वरीस व्हयनात, शेठजी.”

मी विचारले तेव्हा त्याने सांगितले. तो जळगावला गेला होता. कापसाच्या गाठी घेऊन जाणाऱ्या एका ट्रकमध्ये बसून, पारोळा-एरंडोल मार्गे. बूट एका मित्राचे, दोन अंगुळे मोठे. पहिल्या दोन फेकी बेताच्या पडल्या. तिसरी चांगली लागली. त्याला हातातच कळले की ही आजवरची सर्वांत लांब आहे. पण सैल बुटात पाय घसरला आणि रेषेच्या पुढे गेला. पंचांनी लाल निशाण वर केले. तो तिसरा आला, आणि घ्यायचे होते दोघे.

“पैशाचं काही वाटलं नव्हतं,” तो म्हणाला. “गरिबाला नाही म्हणणारे पुष्कळ असतात. पण तुम्ही शस्त्र म्हणालात, ते घरी गेल्यावरही डोक्यात राहिलं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, शेठ धर्माचा माणूस आहे, तो म्हणतो तर काहीतरी असेल. मग मी पण धरलं नाही पुन्हा.”

मी क्षमा मागायला गेलो होतो तेव्हा मला वाटत होते, माझा अपराध १,८५० रुपयांचा आहे. तो त्याहून मोठा निघाला. पैसे नसते दिले तर तो कुणाकडून तरी आणू शकला असता, पुढच्या वर्षी पुन्हा उतरला असता. पण धर्माच्या नावाने मी त्याच्या खेळालाच पाप ठरवले, आणि त्या माउलीने माझ्यावर विश्वास ठेवला. आपल्या समाजाच्या शब्दाला खानदेशात वजन आहे. तोलताना, भाव सांगताना आपण ते वजन सांभाळतो. नकार देताना सांभाळतो का?

मी त्याला काही देऊ केले. त्याने घेतले नाही. उठताना मात्र म्हणाला की त्याची मुलगी नववीत आहे आणि आता तीच भाला फेकते. “तिचं मी बघतो, शेठजी. पण तिच्याबरोबरच्या पोरी स्पर्धेला येत नाहीत. गाडीभाड्यावाचून राहतात. त्यांचं बघता आलं तर बघा.”

त्या दिवाळीला वहीपूजन झाले तेव्हा नव्या खतावणीत मी एक पान वेगळे काढले. वर ‘प्रवासखाते’ असे लिहिले. गल्लीतले आणखी चार दुकानदार त्यात आले. त्यांतले दोघे जैन नाहीत. नियम साधे आहेत. कुणाचे नाव लावायचे नाही, फलक नाही, हार-तुरे नाहीत. शाळेच्या किंवा कॉलेजच्या क्रीडाशिक्षकाची चिठ्ठी आणली की त्याच दिवशी पैसे द्यायचे, उद्या ये म्हणायचे नाही. परतफेड मागायची नाही. आणि कोणता खेळ चांगला, कोणता वाईट, हे आम्ही ठरवायचे नाही.

हे काही फार मोठे काम नव्हे. जळगावात भवरलालजी जैन यांच्या उद्योगसमूहाने क्रीडा अकादमी उभी करून जे केले आहे, त्यापुढे आमचे एक पान काहीच नाही. वर्षभरात नऊ मुलामुलींना मिळून ३१,४०० रुपये गेले. पदक अजून कुणाला मिळालेले नाही. एक मुलगा विभागीय स्पर्धेसाठी नाशिकपर्यंत गेला. मापाडीदादांची मुलगी जिल्ह्यात सहावी आली. ती भाला घेऊन कधी दुकानावरून जाते, आणि वळताना बापासारखेच टोक आभाळाकडे धरते.

पेटकरांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले, आणि अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत मिळाला, हायडेलबर्गनंतर ५२ वर्षांनी. मान उशिरा मिळाला तरी मिळतो. वेळेवर लागते ते तिकीट. ते उशिरा मिळून उपयोग नसतो.

पर्युषण पुन्हा आले आहे. आपण स्थानकाला देतो, गोशाळेला देतो, गौतम प्रसादीला देतो, आणि ते देत राहावे. माझी वाचक बंधू-भगिनींना एवढीच विनंती आहे की यंदाच्या क्षमापनेची यादी करताना एकदा दुकानाच्या उंबरठ्याकडे पाहावे. तिथून आपण कुणाला परत पाठवले होते का? त्याचे नाव यादीत नसेल तर सर्वांत वर लिहावे, आणि त्याच्याकडे स्वतः जावे.

प्रवासखात्याच्या त्या पानावर पहिली नोंद १,८५० रुपयांची आहे. जमा बाजूला मी धाकट्या भावाचे नाव लिहिले आहे, कारण ती रक्कम त्यानेच दिली होती. मी ती वीस वर्षे अडवून ठेवली.